आरशातली बोटं

दिवाळीच्या तोंडावर आर्वीच्या गालांना आग लागली. आधी हनुवटीवर एक निखारा, मग ओठाच्या कोपऱ्यात दुसरा, मग दोन्ही गालांवर रांगच रांग. मुरूम तिला गेल्या वर्षापासून येत होते. पण हे मुरूम नव्हते, ही स्वारी होती.

आणि नेमकी याच वर्षी आर्वी राजा होणार होती.

आर्वी घाडी अकरावीत होती. दशावतारी मंडळीत ती बापाचं बोट धरून शिरली होती. आधी राजपुत्र, मग ऋषीचा शिष्य, मग सेनापती. मुली मंडळीत येऊ लागल्याला बराच काळ लोटला होता, पण राजाचा मुकुट अजून एकीच्याही डोक्यावर चढला नव्हता. मंडळीच्या मालकांनी, नानांनी, सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं होतं, "यंदा गावच्या जत्रेक राजपार्ट आर्वीचो." आर्वीने त्या दिवसापासून चालणं बदललं होतं. पाणी भरायला जातानाही ती राज्याभिषेकाला निघाल्यासारखी जाई.

तिचा बाप, बाबली घाडी, मंडळीचा स्त्रीपार्टी. राणी व्हावी तर बाबलीनेच. नऊवारी नेसून तो रंगमंचावर आला की पुढच्या रांगेतल्या बायका आपापले पदर नीट करीत. शहाळ्यातल्या मलईसारखे त्याचे गाल. पन्नाशी आली तरी रंगाखाली एक डाग नाही, एक खड्डा नाही. "ह्यो माझ्या अस्तराचो गुण," तो सांगे. रंगाखाली लावायचं ते अस्तर त्याने स्वतः घोटलेलं असे, आणि त्यात काय घातलंय ते तो कुणालाही सांगत नसे.

मंडळीची एक रीत होती. रंगपटात, म्हणजे रंगायच्या खोलीत, सोंगांच्या पेटाऱ्याची पूजा झाली, की थोरल्याने धाकट्याच्या कपाळाला रंगाचं पहिलं बोट लावायचं. मग उरलेला चेहरा ज्याचा त्याने रंगवायचा. पण बाबली लेकीचा सगळा चेहरा स्वतःच रंगवी. पहिलं बोट कपाळाला, मग पाचही बोटं गालांवरून खाली, जमीन सारवावी तशी.

घरात उपाय चालू होते. हळद झाली, कडुलिंब झाला, बेसन झालं, एकदा टूथपेस्टसुद्धा झाली.

"आये, आता फक्त शेण लावूचा ऱ्हवला हा," आर्वी म्हणाली.

"ताही थंड असता," आई नारळ खवता खवता म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण आर्वीचं हसू ओठांच्या कोपऱ्यात दुखलं.

तालमीची एक चित्रफीत कुणीतरी गावभर फिरवली. खाली कुणीतरी लिहिलं होतं : राजा की डाळिंब? आर्वीने ते वाचलं. फोन पालथा ठेवला. रडली नाही. बापासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, उद्या माका कुडाळाक डॉक्टरकडे ने."

"वयाचा असता ता. आपसूक जाताला."

"जाताला तेव्हा जाताला. मी जत्रेच्या आधीचा विचारतंय."

---

डॉक्टर रोझलिन फर्नांडिस मूळच्या मालवणच्या. कुडाळच्या बाजारात, माशाच्या आणि फुलांच्या दुकानांच्या वर त्यांचा दवाखाना. आत भिंतीवर एक आरसा होता. लांबून साधाच, फक्त चौकटीला जांभळ्या दिव्यांची किनार.

"बस गो बाय," डॉक्टर म्हणाल्या. "आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. मुरूम घाणीने येत नाहीत, पापाने येत नाहीत, आणि सोलकढी प्याल्याने तर मुळीच येत नाहीत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. वयात येताना कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जाग्या होतात. तेल वाढतं, रंध्राचं तोंड बुजतं, आणि आत कोंडलेल्या तेलावर जगणारे जीवाणू मातले की शरीर त्यांच्याशी भांडायला धावतं. ती सूज म्हणजे मुरूम. हे जीवाणू काही परके नव्हेत. प्रत्येकाच्या अंगावर त्यांचं रान असतं, आणि रानासारखीच त्यांची कुळं असतात. बरीचशी भली, एखादं आडदांड. म्हणून मुरूम हा कुणाकडून कुणाला लागणारा रोग नाही. पण एखादं आडदांड कूळ मात्र या अंगावरून त्या अंगावर राहायला जाऊ शकतं.

"आणि आमचो ह्यो आरसो कुळां दाखवता," त्या म्हणाल्या.

जांभळ्या प्रकाशात हे जीवाणू स्वतःच मंद केशरी चमकतात, ही जुनी माहिती. नवा होता तो फवारा. आरशासमोर बसण्याआधी तोंडावर पाण्यासारखा पातळ फवारा मारायचा. त्यातले रेणू प्रत्येक कुळाची जनुकखूण ओळखत आणि फक्त त्यालाच चिकटत. कूळ बदललं की रंग बदले. औषधाला दाद देणारी कुळं हिरवी-निळी दिसत, न देणारी लालभडक.

दिवे मालवले. आर्वीने डोळे उघडले, आणि आरशात तिला आपला चेहरा दिसला नाही. अंधारात एक रान दिसलं. कानांपाशी निळं, नाकाच्या शेंड्यावर हिरवं. आणि गालांवर लाल. पण ते लाल विखुरलेलं नव्हतं. त्याला आकार होता. कपाळाच्या मधोमध एक ठिपका. दोन्ही गालांवर वरून खाली आलेले पट्टे, एकाशेजारी एक.

आर्वी हळूच म्हणाली, "बाबा, ही तुझी बोटां."

बाबली मागे उभा होता. त्याने नकळत आपला हात वर केला, पंजा उघडला आणि आरशातल्या पट्ट्यांशी ताडून पाहिला. मग हात पाठीमागे लपवला.

"हिच्या तोंडाक रंग कोण लावता?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच लावतंय. लहानपणापासून."

"रंगात काय काय असता?"

आयुष्यात पहिल्यांदा बाबलीने अस्तराचं गुपित सांगितलं. खोबरेल, सफेदा, थोडं गुलाबपाणी. "आणि एक गोरा मलम. आमच्या जुन्या स्त्रीपार्ट्यानं शिकवलेला. मेडिकलात चिठ्ठीबिगर मिळता. लावला की तोंड कसा... देवीच्या मुखवट्यासारखा." सदऱ्याच्या खिशातून त्याने ती चेपलेली नळी काढून अभिमानाने टेबलावर ठेवली. पण ती ठेवता ठेवताच त्याचा आवाज बसत गेला.

डॉक्टरांनी नळी उलटसुलट केली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बाबलीला बरं वाटलं असतं.

"यात दोन औषधां आसत," त्या म्हणाल्या. "एक स्टेरॉइड. सूज दाबतं, म्हणून चेहरा गुळगुळीत दिसतो. पण कातडी त्याला सोकावते, पातळ होते, आणि ते सोडलं की पेटून उठते. दुसरं प्रतिजैविक. रोज थोडं थोडं लावलं की कच्चे जीवाणू मरतात आणि पक्के उरतात. तुमच्या अंगावर इतकी वर्षं हे पक्कं कूळ वाढलं. तुमच्या कातडीचं त्याच्याशी जमलं. हिचं वय निराळं, तेल निराळं. हिचं जमलं नाही."

"म्हणजे मी चेडवाच्या तोंडार..." बाबली आपल्या बोटांकडे बघू लागला.

"चुकीचा मलम लावलात. ठाऊक नव्हता तुमका. आता ठाऊक झाला."

उपाय होता. जीवाणूंनाही खाणारे विषाणू असतात. भक्षक म्हणतात त्यांना. एका कुळाचा भक्षक दुसऱ्या कुळाकडे ढुंकूनही बघत नाही, माणसाच्या पेशीकडे तर नाहीच. आर्वीच्या गालावरच्या लाल कुळाला पुरून उरेल असा नेमका भक्षक प्रयोगशाळेत शोधायचा, त्याचं पाणी बनवायचं आणि सकाळ-संध्याकाळ लावायचं. सोबत रंध्रांची तोंडं मोकळी ठेवणारं जेल, आजीच्या काळापासून चालत आलेलं आणि अजूनही कामाचं.

"पण मलम आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "रंगही बंद. आणि मी खोटं सांगणार नाही. मलम सोडल्यावर चेहरा आधी बिघडेल. लाल होईल, जळेल. ऐन जत्रेत तो सगळ्यात वाईट दिसेल. मग हळूहळू उतरेल." त्या बाबलीकडे वळल्या. "आणि हे कूळ तुमच्या अंगावर आहे तोवर हिच्याकडे परत परत येणार. तेव्हा पाणी तुम्हीही लावायचं. मलम तुम्हीही सोडायचं."

बाबली दाराकडे वळला. "माझा तोंड साफ असा, डॉक्टरनू," तो म्हणाला. "आणि माझो सीझन सुरू होता."

---



घरी आल्यावर बाबलीने नळी लेकीपुढे धरली. "आयक माझा. जत्रा होईसर लाव. तोंड एकदम साफ दिसताला. राजा शोभशीत. मगे दुसऱ्या दिवशी सोड, मी आडो येवचंय नाय."

आर्वीने नळीकडे पाहिलं. मोह झाला नाही असं नाही. एक बोट, आणि सकाळपर्यंत डाळिंबाचं शहाळं. पहिलाच राजपार्ट, सगळा गाव समोर. तिने नळी हातात घेतली, झाकण उघडलं, वास घेतला. तो तिच्या लहानपणाचा वास होता. रंगपटाचा, बापाच्या मांडीचा, जत्रेतल्या गोड खाज्याचा.

तिने झाकण लावलं. "राजा काय जत्रेपुरतोच असता, बाबा?"

नळी तिने आईच्या हातात दिली. आईने ती सोललेल्या नारळाच्या सोडणांसोबत चुलीत घातली आणि नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की बाबली अंगणात निघून गेला.

मग ते दिवस आले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसेच, उलट दोन पावलं पुढेच. गाल तापले, सुजले, ऊन लागलं तरी भाजल्यासारखे झाले. आर्वी ओलं फडकं तोंडावर ठेवून अभ्यास करी. तेच फडकं गालावर धरून राजाची भाषणं रचत घरभर फिरे. कॉलेजात कुणी विचारलं तर म्हणे, "शाप लागलोहा. उतरतलो." पाणी लावायला ती एकदाही विसरली नाही. आई खोबरं खवता खवता तिच्यासाठी गुणगुणे :

आरशात पाहू गेले, दिसे बापाची सावली,
हात फिरे गालावरी, माया हातात न मावली.

"आये, ह्या गाणा बंद कर," आर्वी फडक्याखालून म्हणे. "माका रडूक येता आणि खारा पाणी झोंबता."

जत्रा जवळ आली तेव्हा ती पुन्हा आरशासमोर बसली. बाबलीच घेऊन आला होता. दारातच उभा राहिला. दिवे मालवले.

गालांवरचे पट्टे पुसट झाले होते. पहाटेच्या चांदण्यांसारखे विझत चालले होते. आर्वीच्या तोंडून आनंदाचा हुंकार निघाला. पण डॉक्टर पुढे वाकल्या.

"ह्या काय?"

कपाळावर, केसांच्या रेषेपाशी, चार नवे ठिपके होते. लालभडक, ताजे.

"रंग लावलंस?"

"नाय हो! देवाशपथ! कपाळाक तर मी हातपण..." आर्वी थांबली.

कुणीही दाराकडे पाहिलं नाही. बाबली स्वतःहून आत आला आणि त्याने फवारा उचलून आपल्याच तोंडावर मारला. आरशाच्या जांभळ्या उजेडात त्याचा चेहरा दिसला. गुळगुळीत, साफ, आणि हनुवटीपासून कपाळापर्यंत लाल.

"निजल्यावर जळजळ होता हिका," तो म्हणाला. "कण्हता. मी... केसातसून हात फिरवतंय. जरासोच. ती जागी नसता तेव्हा." त्याने आपले हात पुढे धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. "हिका रंग लावचो सोडलंय, हिका मलम लावचा नाय म्हटलास, आयकलंय. पण हात कसो सोडू, डॉक्टरनू?"

"हात सोडा म्हणून कोण सांगता," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "पण मग हात बदलूक होयो."

बाबलीने आरशात पाहिलं. सगळं आयुष्य ज्या चेहऱ्यावर त्याने राण्या उभ्या केल्या तो चेहरा एकदा डोळे भरून पाहून घेतला.

"माका पण दिया त्या पाण्याची बाटली," तो म्हणाला.

---

नाना हतबुद्ध झाले. समोर राजा आणि राणी बसले होते. राजाचे गाल भाजल्यासारखे, आणि राणीचे त्याहून. इतक्या वर्षांचं मलम सुटल्यावर बाबलीचा चेहरा जो पेटला होता, त्यापुढे लेकीचा म्हणजे समईची वात.

"बिनरंगाचो दशावतार?" नाना म्हणाले. "लोक माका देवळाच्या तळीत बुडवतले! बाबल्या, तू घरी बस. आर्वी, तू पुढल्या वर्षी. मी सावंतवाडीसून दोन माणसां मागवतंय."

"पुढल्या वर्षी नाय," आर्वी म्हणाली. "नाना, आपल्याक लिवलेला नाटक असता काय? नाय ना? मगे आख्यान बदला. राजाक शाप लागता. तोंड जळता. राज्यात कोण तेका ओळखीत नाय, पोलीस पाटीलसुद्धा नाय. राणी तेका शोधीत रानावनात फिरता, उन्हान तिचाही तोंड करपता. शेवटाक ती तेका ओळखता. रंग कित्याक होयो?"

नानांनी पेटीवाल्या तातूंकडे पाहिलं. तातूंनी पेटीचा भाता हळूच दाबला आणि एक करुण सूर काढला, मग हसले. "राजाक पोलीस पाटील खंयसून इलो, ता सोडून आख्यान बरा असा."

जत्रेच्या दिवशी देवळासमोर माणूस मावेना. आवाजाच्या नियमामुळे हल्ली खेळ तिन्हीसांजेलाच उभा राही. रंगपटात पेटाऱ्याची पूजा झाली. आरती झाली. सगळी मंडळी थांबली, कारण आता पहिलं बोट लावायचं होतं.

आर्वी छोट्या आरशासमोर बसली होती. हा साधा आरसा, पत्र्याच्या चौकटीतला, एका कोपऱ्यात तडकलेला. मागे बाबली नऊवारीत उभा. सफेद्याची वाटी समोर. ताजा, कोरडा सफेदा, त्यात दुसरं काही नाही. तरी कपाळाला लावायचा नव्हता.

बाबलीने बोट बुडवलं. हात लेकीच्या कपाळाकडे निघाला आणि हवेत थांबला. मग तो हात तिच्या खांद्यावरून पुढे गेला, आणि आरशाच्या काचेवर, जिथे तिचं कपाळ दिसत होतं तिथे, त्याने बोट टेकवलं.

आर्वीने मान किंचित डावीकडे केली. ठिपका बरोबर भुवयांच्या मधोमध आला.

"जय," नाना म्हणाले, आणि मृदंगावर थाप पडली.

राजा रंगमंचावर आला तेव्हा कुजबूज झाली. फोन वर झाले. मागून कुणीतरी ओरडलं, "राजानू, तोंड धुवक इसरलास काय?" हशा पिकला. पहिली काही वाक्यं त्या हशात बुडाली. आर्वीचे कान गरम झाले. गाल तर होतेच. पण तिने पाऊल मागे घेतलं नाही. तालमीत शिकली होती तसं तलवारीचं टोक जमिनीला टेकलं, आणि हसणं संपेपर्यंत नुसती उभी राहिली. एका राजासारखी, ज्याला घाई नाही.

शेवटच्या प्रवेशात रानात राणी आली. पदर फाटलेला, चेहरा करपलेला. बाबलीला तसं पाहून पुढच्या रांगेतल्या बायका पुढे वाकल्या. एकीने आपोआप स्वतःच्या गालाला हात लावला.

"हे वाटसरू," राणी म्हणाली, "तुझा आवाज माझ्या स्वामींचा आहे. पण हा चेहरा? या चेहऱ्याला राजा कसं म्हणू?"

"राणी," आर्वी म्हणाली, आणि आता तिचा आवाज देवळाच्या कळसापर्यंत पोचला, "मुकुट डोक्यावर बसतो, गालावर नाही. माझ्या गालांचं राज्य जळलं. उद्या तिथे पुन्हा हिरवळ येईल. ती येईतोवर मी सिंहासन रिकामं ठेवू काय?"

मग मागून तोच आवाज, "नाय, महाराज!" आणि टाळ्या.

राणीने हात उचलला. या प्रवेशात राणी राजाच्या गालावरून हात फिरवते, हे ठरलेलं होतं. हात गालाजवळ आला आणि बोटभर अंतरावर थांबला. लोकांना वाटलं अभिनय. तो हात तिथेच, गालाच्या उबेपाशी राहिला. टेकला नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

---

उन्हाळ्यात, सीझन संपता संपता, डॉक्टरांनी शेवटच्या खेपेला दिवे मालवले. आरशात निळं-हिरवं रान शांत पसरलं होतं. लाल कुठे नव्हतं. "दोन-चार मुरूम येत राहतील," डॉक्टर म्हणाल्या. "वय आहे. जेल सोडू नको. साधा रंग आता चालेल. नवा कोणी मलम सुचवला तर आधी माका फोन." बाबलीचे गालही निवळले होते. गुळगुळीत नव्हते. दोन बारीक खड्डे राहिले होते, ते तो आता सगळ्यांना दाखवत फिरे.

त्या संध्याकाळी वर्षातला शेवटचा खेळ होता. पेटाऱ्याची पूजा झाली. आर्वी तडकलेल्या आरशासमोर बसली. मंडळी थांबली. बाबलीने वाटीत बोट बुडवायला हात पुढे केला.

"बाबा," आर्वी आरशातूनच म्हणाली, "हात धुतलंस?"

बाबली वळला. नळापाशी उभा राहून त्याने कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून, बोटाबोटांच्या मधून, नखांच्या खालून. तातूंनी पेटी बंद केली. नाना घड्याळ बघत राहिले. हात वाळवून तो परत आला, बोट बुडवलं, आणि या खेपेला आरशापर्यंत न जाता मध्येच थांबला.

आर्वीने डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.